आमची वाटचाल: भिंतीवरचं जग

मुलांच्या खोलीसाठी नकाशे छापणारे आज ढिगाने आहेत. आम्ही या कामात पडलो तेव्हा भिंतीवर कार्टून आणि फुलपाखरंच चालत. कुणी जगाचा नकाशा मागितलाच, तर छापणारा नेटवरून हाती लागेल तो उचलायचा, आणि तो बहुधा मर्केटर या जुन्या नकाशाकाराच्या पद्धतीचा निघायचा. 1569 सालचा तो नकाशा दर्यावर्दींसाठी उत्तम, कारण होकायंत्राची एकच दिशा धरून जायचा मार्ग त्यावर सरळ रेघेत दिसतो. पण त्यापायी ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. ग्रीनलंड आफ्रिकेच्या बरोबरीचं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. रोज उशाशी चुकीचं जग बघत मूल मोठं होणार, हे आम्हाला पटेना.

माझे पहिले भागीदार चित्रकार होते. त्यांनी 1921 सालचं विंकेल ट्रिपेल प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची, आकार आणि क्षेत्रफळ दोन्ही फारसं न बिघडवणारी एक पद्धत, धरून आमचा नकाशा हाताने रंगवला. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने 1998मध्ये जगाच्या नकाशासाठी हेच प्रक्षेपण स्वीकारलं होतं, एवढा आधार आम्हाला पुरेसा होता. पॅसिफिकमधल्या गॅलापागोस बेटांजवळ त्यांनी एक कासव काढलं आणि त्याच्या पाठीच्या रेघांत आपल्या मुलीच्या नावातलं ‘म’ गुंफलं. हे कासव लक्षात ठेवा.

पुढची काही वर्षं काम बरं चाललं. मग बालवाड्यांच्या एका साखळीने मोठी ऑर्डर दिली. आम्ही व्हिनाइलचे, म्हणजे भिंतीला चिकटवायच्या प्लास्टिक शीटचे, रोल आणि शाई उधारीवर उचलली आणि छपाई सुरू केली. नकाशाचे उभे पट्टे तयार होऊन पडले आणि फोन आला, ‘दुसरीकडे स्वस्तात होतंय.’ आगाऊ रक्कम फारच थोडी होती. महिन्याभरात त्यांच्याच एका शाळेत गेलो, तर भिंतीवर आमचा नकाशा! नमुन्यावरून उचललेला. भिंत भरावी म्हणून त्यांनी तो आडवा ताणला होता. आफ्रिका बसकी झालेली, विषुववृत्तावरचे देश फताडे, आणि कोपऱ्यात आमचं कासव, पाठीवर ‘म’सकट. मी त्यांना ते अक्षर बोट ठेवून दाखवलं. ‘असे नकाशे सगळीकडे मिळतात,’ एवढंच उत्तर मिळालं. भागीदारांनी त्यानंतर धंदा सोडला. त्यांची काही चूक नव्हती. उधारीवाल्यांचे तगादे मी एकट्याने झेलले. ती चोरी मी विसरलेलो नाही.

त्या दिवसांत एक भूगोलाच्या शिक्षिका आल्या. त्यांच्या मुलीच्या खोलीत आम्ही आधी नकाशा लावला होता. त्या म्हणाल्या, ‘दादा, नावं काढून टाका. फक्त किनारे, नद्या आणि पर्वत ठेवा. नावं मूल स्वतः चिकटवेल.’ मुका नकाशा आणि सोबत नावांच्या, पुन्हा काढता येणाऱ्या पट्ट्या: आमचा सगळा धंदा त्यावर उभा राहिला. बाईंनी पहिली ऑर्डर दिली आणि शाळेतले पालकही पाठवले. पट्ट्यांचा फायदा नंतर कळला. 2018मध्ये स्वाझीलँडचं एस्वातिनी झालं, 2019मध्ये मॅसिडोनियाचं उत्तर मॅसिडोनिया. कझाकस्तानची राजधानी अस्ताना 2019मध्ये नूर-सुलतान झाली आणि 2022मध्ये परत अस्ताना. आम्ही जुन्या ग्राहकांना नवी पट्टी दर वेळी फुकट पाठवली. ताणलेला नकाशा विकणाऱ्यांनी असं काही केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता लावण्याबद्दल. मुलाच्या खोलीत लॅटेक्स, म्हणजे पाण्यावर आधारलेली, शाईच मागा, दुसऱ्या शाईतल्या सॉल्व्हेंटचा (रासायनिक द्रावकाचा) वास बंद खोलीत रेंगाळतो. लॅमिनेशन मॅट घ्या. ग्लॉसी असेल तर दिव्याचा झोत नेमका नाव वाचायचं तिथे चमकतो. भिंतीला ओल असेल तर आधी ती बंद करा, आणि नवा रंग दिला असेल तर तीन-चार आठवडे थांबा. पहिला पट्टा ओळंबा धरूनच सोडावा. छताच्या रेघेवर भरवसा ठेवलात तर चौथ्या पट्ट्याला रशिया उताराला लागतो. आमच्याकडे पट्टे ओव्हरलॅप ठेवून नव्या ब्लेडने एका दमात डबल कट मारतात, म्हणजे दोन्ही थर एकदमच कापतात. पट्टा दाबून हवा काढायची फेल्ट (मऊ नमदा) लावलेली स्क्वीजी मी आजही दुसऱ्याच्या हातात देत नाही. जोड अटलांटिकमध्ये यावा, युरोपात कधीच नाही. तिथे ब्लेड मिलिमीटरभर सरकलं तरी लक्झेंबर्ग जातं. स्विचबोर्ड पॅसिफिकमध्ये बसवायचा. कपाटामागे बहुतेक जण दक्षिण अमेरिका गाडतात, म्हणून कपाटाचं माप आधीच कळवा.

आणि विषुववृत्त मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत घ्या, तुमच्या नव्हे. फोटोत नकाशा खाली उतरल्यासारखा दिसतो, पालक कुरकुर करतात, तरी आम्ही उंची वाढवत नाही. भिंतीचा फोटो पाठवताना समोरून, दार उघडं ठेवून काढा. दार उघडल्यावर मागे काय झाकलं जातं, ते आम्हाला त्यातच कळतं.