दंडाची पावती

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर गेल्या महिन्यात वनहक्काच्या दाव्याची पाहणी झाली. दावेदार बाईंच्या बाजूने मी होते. तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

गावडा, कुणबी, वेळीप यांना गोव्यात 2003 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. धनगर बाहेरच राहिले. त्यामुळे 2006च्या वनहक्क कायद्यात ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतात आणि 13 डिसेंबर 2005च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वस्ती त्यांना दाखवावी लागते. हिशेब केला की 1930 साल येतं. तेव्हा इथे पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं राज्य! गुरांमागे फिरणाऱ्याचं नाव त्यांच्या कुठल्या वहीत चढणार होतं? बरं, ही अट राहण्याला आहे, तोच तुकडा कसण्याला नाही, हेही दर पाहणीला नव्याने सांगायचं.

शिक्का असलेलं काहीही आणा, असं मी म्हटलं होतं. सासूबाईंनी तांदळाच्या डब्यातून फडक्यात बांधलेला कागद काढला. राखीव जंगलात गुरं चारल्याबद्दल दंड, साल 1974. नातू ओरडला, “आजये, ता कित्याक काढतंस?” आजोबांना तेव्हा वाड्यादेखत धरून नेलं होतं. आणि मी आनंदाने मोठ्याने हसले. वनखात्याच्याच हातचा पुरावा! म्हातारीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती आठवली की अजून ओशाळायला होतं.

वनरक्षक लगेच म्हणाला, “म्हणजे अतिक्रमणच ना?” वनहक्क नियमांतल्या नियम 12-अचं स्पष्टीकरण मी त्याला वाचून दाखवलं: निव्वळ दंडाच्या पावतीवरून दावा फेटाळता येत नाही. त्याला हे माहीत नव्हतं. प्रशिक्षणाचा दाखला मात्र त्याच्याकडे होता.

दुसरा पुरावा लागतोच. दावेदार नसलेल्या ज्येष्ठाचा लेखी जबाब चालतो. शेजारच्या गावातले शहाऐंशी वर्षांचे आजोबा आले. या वाड्याशी त्यांचं गुरांवरून उभं भांडण, तरी आले. आदल्या संध्याकाळी मी त्यांना सांगून ठेवलं होतं, “ऐंशी-नव्वद वर्षं म्हणा.” ते सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई म्हणता नव्वद सांग. नव्वद माका खबर ना.” माझे कान तापले. मग त्यांनी सांगितलं ते असं: त्यांच्या वडिलांच्या बारशाचं तूप याच गोठ्यातून आलं होतं. आजीने बदल्यात दोन पायली नाचणी दिली, आणि माप कमी भरलं म्हणून या बाईंच्या आजेसासऱ्याशी भांडण झालं. आजी ते मरेपर्यंत सांगायची.

वडिलांचं बारसं! मी मांडलेल्या नव्वद वर्षांच्या कितीतरी मागे. पण छापील अर्जात रकाना होता ‘कालावधी (वर्षे)’, आणि कारकुनाने तिथे ‘माहीत नाही’ लिहून टाकलं होतं. तूप-नाचणी लिहायला जागा नाही म्हणाला. अर्धा तास वाद घालून मी पुरवणी कागद जोडायला लावला, आजोबांना वाचून दाखवला, अंगठा घेतला. रकाना तसाच राहिला.

ग्रामसभेला निम्मे सदस्य आणि त्यात एक तृतीयांश बायका जमवता जमवता तीन तारखा गेल्या. आता फाइल उपविभागीय समितीकडे आहे.

पावतीची झेरॉक्स काढून मूळ कागद परत दिला. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, असं मी सुचवलं. म्हातारीने तो पुन्हा फडक्यात बांधला आणि तांदळात खाली खुपसला.