शंभरातले चाळीस

पेठ तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत मी ग्रामसेवक होतो, तेव्हाची ही गोष्ट. पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात मात्र आम्ही भाऊसाहेबच. गावठाण एक आणि भोवती डोंगराच्या कुशीत पसरलेले पाडे. जुलै-ऑगस्टमध्ये समोरचा माणूस दिसत नाही असा पाऊस पडतो. ते पाणी दमणगंगेच्या वाटेने गुजरातकडे निघून जातं आणि उन्हाळ्यात बायका झऱ्यावर नंबर लावून बसतात. भाताची, नागलीची कामं उरकली की निम्मं गाव दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला उतरतं.

ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, म्हणजे बागांच्या छाटणीचे दिवस. जे लोक कामांची मागणी करणार, ते नेमके तेव्हा गावात नसतात. मागे राहिलेल्यांच्या सह्या-अंगठे घेऊन सभा पार पडते आणि सदस्यांनी आधीच केलेली यादी मंजूर होते. ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा कार्यक्रम राज्यात 2015 साली आला, त्याचं प्रशिक्षणही मी घेतलंय. माझं स्पष्ट मत आहे की सभेची तारीख चुकली की पुढचं सगळं प्रशिक्षण वाया जातं. म्हणून 2024 साली सरपंचताईंशी बोलून आराखड्याची मुख्य चर्चा 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठेवली. लावण्या संपलेल्या, माणसं घरी.

आदल्या दिवशी महिला सभा. ग्रामसभेच्या आधी ती घ्यावीच लागते. झऱ्यापासून सर्वांत लांब असलेल्या पाड्यावरच्या बायकांनी मागणीत पहिलं काम सांगितलं ते स्मशानशेडचं. मला पाण्याची मागणी अपेक्षित होती, तसं मी बोललोही. एक आजी म्हणाल्या, “पाण्याला आम्ही रोज जातोच, भाऊसाहेब. पण पाऊस उघडेपर्यंत मेलेलं माणूस घरात ठेवता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं आणि शाळेच्या मोठ्या खोलीत सभा बसली. पेसा क्षेत्रात, म्हणजे ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात, ग्रामसभेचं अध्यक्षपद सरपंच, उपसरपंच किंवा सदस्याकडे जात नाही. जमलेले लोक आपल्यातून अध्यक्ष निवडतात. त्या दिवशी निवृत्त गुरुजींचं नाव पुढे आलं.

यादी वाचायच्या आधी मी फळ्यावर 100 लिहिले. पंधराव्या वित्त आयोगाचे राज्यातल्या ग्रामीण भागासाठी शंभर रुपये आले तर तेव्हा 10 जिल्हा परिषदेला, 10 पंचायत समितीला आणि 80 ग्रामपंचायतींना मिळायचे, हे सांगितलं. मग फक्त आपल्या वाट्याचे शंभर धरले. त्यातले 60 बंधित : 30 पिण्याच्या पाण्याला, 30 स्वच्छतेला. ते दुसरीकडे वळवता येत नव्हते. उरले 40, ते अबंधित. पगार आणि आस्थापनेचा खर्च सोडून गावाच्या गरजेचं काम त्यातून करता यायचं. पेसाचा पाच टक्के निधी, म्हणजे आदिवासी उपयोजनेतून ग्रामपंचायतीला मिळणारा वाटा, वेगळा, आणि त्या वर्षीच्या त्याच्या कामांचे ठराव आधीच झालेले होते. शेवटी मागच्या वर्षी या चाळिसात प्रत्यक्ष किती रुपये आले, तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहिला.

“एवढेच?” मागून कोणीतरी विचारलं.

एवढेच. सदस्यांच्या यादीत गावठाणातला काँक्रीट रस्ता होता, पेव्हर ब्लॉक, सामाजिक सभागृह, कमान. त्या आकड्यातून एखादं काम धड झालं असतं. यादीत नाव घालायला पैसे लागत नाहीत, म्हणून दरवर्षी ती वाढत जाते आणि कोणालाच नाही म्हणावं लागत नाही. आकडा समोर आल्यावर खोलीतलं बोलणंच बदललं. कमान कोणी काही न बोलता मागे घेतली. सभागृहावर थोडी हुज्जत झाली आणि तेही मागे पडलं. राहिले रस्ता आणि शेड.

एका सदस्यांनी विचारलं, “शेड जनसुविधेतून होईल की. त्याला आपले पैसे कशाला?” प्रश्न रास्त होता. त्या योजनेत स्मशानभूमीची कामं बसतात. पण प्रस्ताव जिल्हा परिषदेत जाणार, मंजुरी जिल्हा नियोजनाच्या पैशांवर अवलंबून. कधी मिळेल याची हमी मी देऊ शकत नव्हतो.

तेव्हा पाड्यावरचा एक तरुण उठला. जुलैत त्याची आई गेली होती. ओढ्याच्या काठावर उघड्यावर सरण रचलेलं, चार बाजूंनी ताडपत्री धरून माणसं उभी, ओली लाकडं पेटेनात. डिझेल संपलं म्हणून एकाला पेठला पिटाळलं, तो येईपर्यंत बाकीचे तसेच पावसात ताडपत्री धरून उभे. त्याने आवाज चढवला नाही, कोणाला दोषही दिला नाही. सांगून झाल्यावर खाली बसला.

हात वर करून मत घ्यावं असं काहींचं म्हणणं पडलं. गावठाणाची माणसं जास्त, म्हणजे रस्ताच जिंकणार हे उघड होतं. बहुमताने ठराव झाला असता तर मला तो लिहावाच लागला असता, आणि कायद्याने त्यात काही चूक नव्हती. गुरुजींनी हात मोजले नाहीत. त्यांनी गावठाणातल्या लोकांना विचारलं, “आपल्या स्मशानात शेड कधी झालं?” कोणी म्हणालं दहा वर्षं, कोणी म्हणालं जास्त. “मग रस्ता एक वर्ष थांबला तर चालेल का?” यावर सगळ्यांत आधी बोलल्या त्या गावठाणातल्याच बायका. ज्यांच्या दारापुढचा चिखल त्या रस्त्याने जाणार होता त्याच म्हणाल्या, चालेल. दोन-तीन पुरुष शेवटपर्यंत नाराज राहिले. त्यांच्याही दारात चिखल होता, त्यांची नाराजी मला खोटी वाटली नाही. ठरावात रस्त्याचं काम पुढच्या वर्षीच्या आराखड्यात पहिल्या क्रमांकावर घ्यायचं, असं त्यांनी लिहून घेतलं.

पण अजून एक गाठ होती. जागा कोणाची? ओढ्याचा काठ वनविभागाच्या हद्दीत. वनहक्क कायद्यात गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते; शाळा, अंगणवाडी, रस्ते, पिण्याच्या पाण्याची कामं अशा तेरा सोयी त्यात मोजून दिल्यात. स्मशानभूमी त्यात नाही. जागा नावावर नसताना शेडवर निधी खर्च केला की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. मी हे सांगितलं तेव्हा माझाच जीव खालीवर होत होता, कारण एवढ्या बोलण्यानंतर ठराव कागदावरच राहिला असता. पाड्यावरच्या दोन भावांनी बाहेर व्हरांड्यात जाऊन आपसात बोलून घेतलं आणि आत येऊन मालकीच्या शेताच्या कडेचे दोन गुंठे द्यायला तयार झाले. मी त्यांना दोनदा सांगितलं, तोंडी चालणार नाही, बक्षीसपत्र करावं लागेल, आदिवासी जमीन असल्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचंही पाहावं लागेल. थोरला म्हणाला, “पाहा ना मग. त्यासाठीच तुम्ही आहात.”

ठराव मी लिहिला, गुरुजींनी मोठ्याने वाचायला लावला. ‘पाड्यावर स्मशानशेड’ एवढंच लिहिलं होतं. बायकांनी पाड्याचं नाव घालायला लावलं, नाहीतर शेड भलतीकडेच उभं राहील म्हणाल्या. तशी दुरुस्ती करून पुन्हा वाचला, मग अंगठे आणि सह्या झाल्या.

नंतर काम ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढलं, शाखा अभियंत्यांनी जागा पाहून अंदाजपत्रक केलं. जमिनीच्या कागदांना या सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला. दर मासिक सभेला पाड्यावरून कोणीतरी येऊन बसायचं आणि फाईल कुठे आहे ते विचारायचं. रस्त्याची आठवण करून द्यायला गावठाणातलेही यायचे.