तुम्ही विचारलंत म्हणून: दुधाचे खाडे आणि नोड २०

"रोज काहीतरी नवीन येतं, तुम्ही कशा काय अपडेटेड राहता?" हा प्रश्न मला ऑफिसातली नवी मुलं विचारतात, दिवाळीत जमलेली भाचरं विचारतात आणि परवा तर सोसायटीच्या जिन्यात एका गृहस्थांनी लेकीच्या ॲडमिशनच्या काळजीने विचारला. दर वेळी मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेते. कारण खरं उत्तर ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मी अपडेटेड राहत नाही.

एकोणीस वर्षं पुण्यात बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरवरच्या पडद्यामागच्या प्रोग्रामिंगचं, काम करते. बहुतेक जावा ही भाषा, थोडं नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन), मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. नवीन काय आलं याची यादी माझ्याकडे नाही. काय संपणार आहे, म्हणजे कुठल्या व्हर्जनचा आधार (सुरक्षेच्या दुरुस्त्या वगैरे) कधी बंद होणार, याची आहे, आणि ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आहे. दुधाचे खाडे, सिलेंडर लावल्याची तारीख, मावशींच्या सुट्ट्या आणि त्याच रांगेत ३० एप्रिलच्या चौकोनात "नोड २० संपलं". अशी नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा सासूबाईंना वाटलं होतं की हे कुठलं तरी औषध आहे आणि आणायचं राहून गेलंय.

सुरुवातीला असं काही लिहावंच लागत नसे. मी कामाला लागले तेव्हा जावा ६ नुकतंच, डिसेंबर २००६ मध्ये, आलं होतं. जावा ७ यायला जुलै २०११ उजाडला. मधल्या काळात माझं लग्न झालं, मुलगा झाला, तो चालायला लागला, पण भाषा जिथल्या तिथे. पुस्तक एकदा घेतलं की कव्हर फाटेपर्यंत चालायचं. मग सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ आलं आणि तिथून दर सहा महिन्यांनी एक, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, असा रतीबच लागला. पण यातली सगळी टिकाऊ नसतात हे नव्या मुलांना कुणी सांगत नाही. ११, १७, २१, २५ अशा मोजक्या व्हर्जन्सनाच लांब मुदतीचा आधार, ज्याला आम्ही एलटीएस म्हणतो. मधली येतात आणि सहा महिन्यांत जातात. नोडचंही इतकी वर्षं तसंच चाललंय, सम आकड्याला आयुष्य, विषमाला नाही. नोडची १९ आणि २१ कधी आली, कधी गेली, मला पत्ताही लागला नाही आणि त्यावाचून अडलंही नाही.

मीही धावले आहे, नाही असं नाही. २०१४ च्या सुमाराला पोराला झोपवून रात्री अकरानंतर अँग्युलरजेएस हे वेबपानं बनवायचं फ्रेमवर्क (तयार सांगाडा) शिकायचे. डायरेक्टिव्ह, स्कोप, डायजेस्ट सायकल, सगळं दोनशे पानी वहीत आकृत्यांसकट. त्याच ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या एका परिषदेत ते बनवणाऱ्यांनी सांगून टाकलं की पुढचं अँग्युलर मुळापासून वेगळं असेल, स्कोप-बिप सगळं जाणार. २०१६ मध्ये ते आलं आणि माझी वही रद्दीत गेली. (दोननंतर एकदम चार आलं. तीन नाहीच. त्यातला राउटर (एका पानावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आधीच तीनवर पोचला होता, म्हणून सगळ्यांना एका रांगेत आणायला मधला आकडा गाळला. आकड्यांवरून प्रगती मोजणाऱ्यांसाठी सांगून ठेवते.)

डोळे उघडले ते १० डिसेंबर २०२१ च्या शुक्रवारी. लॉग-फोर-जे या, प्रोग्राममध्ये काय घडलं त्याच्या नोंदी (लॉग) लिहिणाऱ्या जावाच्या लायब्ररीत एक भोक सापडलं होतं. लॉगमध्ये एक ठरावीक ओळ उमटवता आली की बाहेरचा माणूस तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता, आणि लॉग तर आम्ही युजरने सर्चमध्ये टाकलेला शब्दसुद्धा करायचो. संध्याकाळी कॉल लागला. वरच्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "आपल्याकडे हे कुठे कुठे आहे?" बारा जण कॉलवर आणि सगळ्यांचे माइक बंद. मायक्रोसर्व्हिसेसवर तासभर बोलू शकणारी माणसं आम्ही, पण आपल्याच घरात काय आहे ते कुणाला माहीत नव्हतं. शनिवार-रविवार एकेक प्रोजेक्ट उघडून मेव्हन या साधनातून डिपेन्डन्सी ट्री, म्हणजे कोण कुणावर अवलंबून आहे त्याची वंशावळ, काढत बसलो. आपण कधी मागवलंच नाही अशा शंभर गोष्टी दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर बसून आत आलेल्या. दुरुस्तीचं २.१५ लावलं, तर दोन-तीन दिवसांत २.१६ आलं, त्याच आठवड्यात २.१७ आणि महिना सरायच्या आत २.१७.१.

एका कोपऱ्यात मात्र एक जुनाट रिपोर्ट सर्व्हिस लॉग-फोर-जे १.२ वर चालत होती. त्या १.२ चा आधार २०१५ मध्येच संपला होता. ती या भोकातून वाचली, कारण तो भाग तिच्यात नव्हताच. सहा वर्षं तिचं अपग्रेड टाळणारा आमचा सहकारी आठवडाभर मिशीला पीळ देत फिरत होता. १.२ ची दुखणी वेगळी आहेत हे मी त्याला लगेच सांगितलं नाही. जानेवारीत सांगितलं.

तेव्हापासून आधी घर बघायचं. प्रत्येक प्रोजेक्टची एक शीट असते. भाषा, फ्रेमवर्क, डेटाबेस, आत्ताचं व्हर्जन आणि शेवटची तारीख. त्यातल्या तारखा कॅलेंडरवर. त्या बदलतातही. नोड १६ समोर मी एप्रिल २०२४ लिहिलं होतं, ते खोडून ११ सप्टेंबर २०२३ करावं लागलं. कारण त्याच्या पोटात ओपनएसएसएल १.१.१ हे एन्क्रिप्शनचं साधन होतं आणि त्याचा आधार त्या दिवशी संपत होता. भाडेकरूची मुदत घरमालकाच्या आधी संपते असं आपण समजतो, इथे घरमालकच आधी निघाला.

शेवटची तारीख कळली की मागे मोजत यायचं, आणि मोजताना सढळ हाताने मोजायचं. स्प्रिंग बूट ३ हे जावाचं फ्रेमवर्क नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. त्याला जावा १७ पासून पुढचंच लागतं आणि कोडमधली "जावाएक्स" नावाची पॅकेजं "जकार्ता" करावी लागतात. जावाची मालक कंपनी ओरॅकल हिने जावाची एंटरप्राइझ बाजू एक्लिप्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे सोपवली, पण जावाएक्स हे नाव पुढे तसंच वापरून बदल करायला मोकळीक दिली नाही. म्हणून नाव बदललं. नुसतं नाव तर बदलायचंय, असं मीसुद्धा म्हणाले आणि सगळीकडे शोधा-आणि-बदला चालवलं. लग्नानंतर पॅन, आधार, बँक आणि गॅसच्या कनेक्शनवर नाव बदलून आणलेल्या बाईने असं म्हणायला नको होतं. कारण जावाएक्स नावाची सगळीच मंडळी सासरी गेलेली नव्हती. जावाएक्स डॉट एसक्यूएल, जावाएक्स डॉट क्रिप्टो ही मूळ जावाचीच लेकरं, ती माहेरीच होती. मी त्यांचंही आडनाव बदलून टाकलं होतं. बिल्डमध्ये चारशेवर एरर आल्या.

वाचायचं म्हणाल तर मी रिलीज नोट्स, म्हणजे नव्या व्हर्जनबरोबर येणारी बदलांची टिपणं, वाचते, त्याही खालून वर. वरती कौतुक असतं. खाली काय काढून टाकलं, काय डेप्रिकेट केलं (म्हणजे यापुढे वापरू नका म्हटलं), कुठली वागणूक बदलली ते असतं. दुकानात आपण पाकीट उलटं करून एक्स्पायरी बघतो, तसं.

आणि नीट वाचल्या नाहीत की काय होतं तेही सांगते. आम्ही एका अमेरिकन क्लायंटचं काम जावा १७ वरून २१ वर नेत होतो. सगळं हिरवं, एक टेस्ट लाल. स्क्रीनवर मजकूर असा: अपेक्षित "१०:३० एएम", प्रत्यक्षात "१०:३० एएम". मी चष्मा पुसला. शेजारच्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "मॅम, सेमच आहे की." दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या तरी सेमच. जेवून आले, तरी सेमच. शेवटी एकेका अक्षराचा कोड छापून बघितला तेव्हा सापडलं. आकडा आणि एएम यांच्यामधली मोकळी जागाच बदललेली होती. साध्या स्पेसच्या जागी एक अरुंद, ओळ तुटू न देणारा स्पेस आला होता.

जगभरच्या भाषांत तारीख, वेळ, आकडे कसे लिहायचे याचा एक सामाईक साठा आहे, सीएलडीआर नावाचा. त्याच्या ४२ व्या आवृत्तीत इंग्रजी वेळेसाठी हा बदल झाला. हेतू चांगला, म्हणजे ओळ संपताना १०:३० वर आणि एएम खाली असं होऊ नये. जावाने तो उचलला, पण २१ मध्ये नाही, मार्च २०२३ च्या २० मध्ये. मी फक्त २१ च्या नोट्स वाचल्या होत्या. १७ वरून २१ वर उडी मारायची तर १८, १९, २० च्याही वाचायला हव्यात हे मला माहीत नव्हतं असं नाही, कंटाळा केला. एस्टीने थेट गेलं म्हणून मधली गावं नकाशातून जात नाहीत. दुरुस्ती एका ओळीची होती. लोकेलवर (भाषा-प्रदेशाच्या तयार नियमांवर) विसंबायच्या ऐवजी वेळेचा साचा आम्हीच लिहून दिला.

आलं की लगेच घेतलं, असंही मी करत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या व्हर्जन्समध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवलेला सापडला. तो सापडला कसा, तर पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला म्हणून. अर्धा सेकंद! आमच्याकडे लॉगिनला चार सेकंद लागतात आणि कुणाला काही वाटत नाही. ती व्हर्जन्स पोचली होती ती सगळ्यात ताजं वापरणाऱ्यांकडे, डेबियन या लिनक्सच्या स्थिर आवृत्तीवाल्यांकडे नाही. तेव्हापासून नवी लायब्ररी मी दोन आठवडे मुरू देते. आता पीएनपीएम या, नोडची पॅकेजं आणून देणाऱ्या साधनात तशी सेटिंगच आली आहे, अमुक वेळ जुनं झाल्याशिवाय पॅकेज घेऊ नकोस म्हणून. सुरक्षेचा पॅच मात्र त्याच दिवशी, त्यात लोणचं घालायचं नाही.

हल्ली प्रश्नाला शेपूट जुळलंय, "आणि एआय टूल्स?" वापरते. पण परवाच त्या मदतनीसाने स्प्रिंग बूट ३ च्या प्रोजेक्टमध्ये मला जावाएक्सची इम्पोर्ट्स लिहून दिली, मोठ्या आत्मविश्वासाने. मला माझीच आठवण झाली.

तर सोमवारी सकाळी चहाबरोबर अर्धा तास शीट आणि नोट्स, आणि जानेवारीत नवं कॅलेंडर टांगलं की वर्षभराच्या तारखा. यंदा पोस्टग्रेस १४ चा शेवट १२ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीच्या आठवड्यात येतोय. मी ते लाल पेनाने लिहिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर महिन्याच्या सुरुवातीच्या एका चौकोनात सासूबाईंच्या अक्षरात "चकलीची भाजणी दळून आणणे" आणि तिथून बाण काढून माझ्या नोंदीपाशी लिहिलेलं, "हे गणपतीनंतर लगेच करून टाक, तेव्हा मी आहे मुलाकडे बघायला." मुलगा सोळा वर्षांचा आहे. पण तारीख मी हलवली.