६२ नंबरची बोट, सुई-दोऱ्याची

हॅम्बुर्गमध्ये लोक बोटीने कामाला जातात. लांडुंग्सब्रुकनच्या धक्क्यावरून सुटणारी ६२ नंबरची फेरीबोट एल्बे नदीतून फिंकेनवेर्डरला जाते, आणि बस-ट्रेनचं तिकीट तिच्यातही चालतं. समुद्र इथून साधारण १०० किलोमीटर लांब, तरी नदीला भरती-ओहोटी येते. पाणी साडेतीन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. मालवणात वाढलेल्या माझ्यासारखीला हे शहर आपलं वाटायला एवढं पुरलं. लेकीला तर या बोटीपुढे दुसरं वाहनच सुचत नाही. म्हणून तिच्यासाठी कापडाची बोट शिवायला घेतली ती हीच.

डिसेंबरात इथे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. लांबलचक संध्याकाळी हातशिलाईला फार छान जातात. मशीनचा आवाज नाही, आणि मूल शेजारी बसून कापडाचे तुकडे हाताळू शकतं.

या फेरीबोटींना इथले लोक प्रेमाने 'इस्त्री' म्हणतात, आणि आकारही तसाच: पुढे टोक, मागे सरळ कड. त्यामुळे कापायला सोपं. तळ आणि डेक असे दोन सारखे तुकडे, आणि भोवतीने फिरणारी एक लांब पट्टी. पट्टीची लांबी मोजताना तळाच्या कडेने दोरा फिरवा आणि शिलाईसाठी दोन सेंटीमीटर जास्त धरा. पट्टीचा जोड मागच्या सरळ कडेच्या मध्यावर घ्यायचा. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, जोड आला की ते जाड होतं आणि बोटीचा तोराच जातो.

कापड मी जुन्या सुती चादरीचं घेतलं. फेल्टचे, म्हणजे दाबून बनवलेल्या लोकरी कापडाचे, धागे निघत नाहीत, हे खरं. प्रसिद्ध जर्मन खेळणी-कंपनी सुरू करणाऱ्या मार्गारेटे श्टाइफ यांनी १८८० च्या सुमारास गीन्गेन गावात टाचण्या खोचायला म्हणून हत्ती शिवले ते फेल्टचेच, आणि मुलं त्यांच्याशी खेळायला लागली. लहानपणी पोलिओ झाल्याने त्यांच्या उजव्या हातात फारसं बळ नव्हतं, हे आठवलं की मला त्यांच्याविषयी अपार आदर वाटतो. पण माझी लेक अजून सगळं तोंडात घालते, तेव्हा वारंवार धुता येईल असं सुती कापडच बरं.

टाका मात्र उलट्या टिपेचाच हवा, दोन-तीन मिलिमीटरचा. साधा धावदोरा घातला तर आत भरल्यावर ताण येऊन फटी पडतात आणि भरण डोकावतं. टोकाशी पोचलात की पट्टीची माया (शिलाईबाहेर सोडलेलं कापड) टाक्यापर्यंत कात्रीने चिरा, मग ती नीट वळते. मागच्या कडेला चार बोटं जागा उघडी ठेवून बोट सुलटी करायची. टोक बाहेर काढायला बोथट पेन्सिल घ्या, कात्री नको.

खरी कसोटी तळाची. भरण कोंबलं की तळ फुगतो आणि बोट एका अंगावर कलते. माझ्या मते खेळण्यातली बोट जमिनीवर सरळ उभी राहिली नाही, तर मूल तिला बोट मानत नाही. म्हणून तळाच्या आत जाड फेल्टचा दुहेरी तुकडा बसवते, उशीत भरतात तो फायबर लहान लहान पुंजक्यांनी आधी टोकात आणि मग मागे भरते, आणि तळापासून डेकपर्यंत तीन-चार आरपार टाके घालून दोरा हलकाच आवळते. कापूस भरला तर धुतल्यावर त्याचे गोळे होतात.

केबिन म्हणजे वरून शिवलेली छोटी चौकोनी उशी. खिडक्यांना बटणं मोह पाडतात, पण तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात सुटून घशात अडकेल असं काही नको. युरोपात विक्रीच्या खेळण्यांना याचे कडक नियम आहेत, आणि घरच्या खेळण्याला ते का नसावेत? मी साखळी टाक्याने निळ्या दोऱ्यात खिडक्या भरल्या. ६२ हा आकडा लेकीने निवडलेल्या लाल दोऱ्याने, दोन्ही बाजूंना.