माहितीपट तयार, गाणं अडकलेलं: माझा अनुभव

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण १९५८च्या सुमारास तिथल्या मुलांनी ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला तेव्हा मुख्य गायक दुसराच होता आणि फ्रेडी, म्हणजे तेव्हाचा फारोख बल्सारा, पियानोवर असायचा, हे सांगितलं की लोक चकित होतात. माझा छोटा माहितीपट त्याच वर्षांवर आहे. चित्रीकरण, मुलाखती, संकलन सगळं वेळेत झालं. अडलं ते त्या काळातल्या एका रॉक अँड रोल गाण्याच्या जेमतेम चाळीस सेकंदांवर.

गाण्याचे हक्क दोन ठिकाणी असतात. शब्द आणि चाल पब्लिशरकडे, ध्वनिमुद्रण रेकॉर्ड कंपनीकडे. पब्लिशर म्हणे, आधी रेकॉर्ड कंपनीचा आकडा आणा. रेकॉर्ड कंपनी म्हणे, आधी पब्लिशरचा. मधेच माणूस बदलायचा आणि नवा माणूस तोच फॉर्म पुन्हा भरायला लावायचा: कोणता प्रसंग, किती सेकंद, कुठे दाखवणार, किती वर्षांसाठी. सगळं आधीच्या मेलमध्ये लिहिलेलं असताना! अजूनही आठवलं की डोकं तापतं.

‘दहा सेकंद वापरले तर चालतं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, कायद्यात असं काही नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांनी संपतो, म्हणजे १९५८चं रेकॉर्डिंग इथे मोकळं झालंय. पण शब्द आणि चालीवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि अमेरिकेत त्या रेकॉर्डिंगला २०६७पर्यंत संरक्षण आहे. मला परदेशी महोत्सवांत जायचं होतं, त्यामुळे दोन्ही कागद हवेच होते. आपल्या बँडकडून वाजवून घेतलं तरी पब्लिशर सुटत नाही.

शेवटी मी दोघांना एकाच मेलमध्ये घेतलं आणि लिहून टाकलं: दोघांना सारखाच दर, जो जास्त असेल तो. त्या एका ओळीने गाडी हलली. शिवाय ‘सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ ही मागणी काढून फक्त महोत्सव, एक वर्ष एवढंच मागितलं. आकडा माझ्या आवाक्यात आला. परवानगीचा मेल वाचून मी अक्षरशः ओरडलो.

पुढे ओटीटीवर द्यायचं असेल तर त्याचा दर आत्ताच करारात लिहून घ्या, नंतर सौदा महाग पडतो. जुन्या फोटोंसाठी छायाचित्रकाराचा हक्क वेगळा असतो, तेही विचारून ठेवा.