पाणी पाजलेला रूळ

मृगाची भुरभुर सुरू झाली की आम्हा चावीवाल्यांचा, म्हणजे रोज चालत रूळ तपासणाऱ्यांचा, जीव चढाकडं लागतो. धो-धो पावसाची एवढी काळजी वाटत नाही, तो रूळ धुऊन टाकतो. भुरभुरीत मात्र रुळावरची धूळ, गंज आणि गळलेलं तेल यांचा चिकट लेप होतो, आणि त्यावर चाक धरत नाही.

परळीहून घाटनांदूरकडं निघालं की गाडी बालाघाटाच्या अंगावर चढायला लागते. माझी बीट, म्हणजे मी तपासायचो तो लाइनचा टप्पा, त्याच चढावर होती. तेव्हा तिथं डिझेल इंजिनं धावत. एका जूनमध्ये रात्री 42 वाघिणींची भरलेली मालगाडी तिथं अडली. बऱ्याच खटपटीनंतर ती निघाली म्हणे. सकाळी मी पोचलो तेव्हा चाकानं रूळ धरावा म्हणून इंजिनाच्या नळीतून सोडलेली वाळू खडीवर पसरलेली होती आणि दोन्ही रुळांवर सहा-सहा खड्डे पडले होते. तीन जवळजवळ, मग मोकळी जागा, मग पुन्हा तीन. जिथं इंजिनाची चाकं उभी होती, बरोबर तिथं. सगळ्यात खोल खड्ड्यात अंगठा आडवा ठेवला तर नख पूर्ण बुडालं. कडेला लोखंड निळं-जांभळं झालं होतं, पाण्यावर रॉकेल पसरल्यासारखं.

इंजिनाचं वजन 120 टनांच्या आसपास, चाकं 12. म्हणजे एका चाकाखाली 10 टन, आणि चाक रुळाला टेकतं ती जागा असते अंगठ्याच्या नखाएवढी. गाडी जागची हलत नाही आणि चाक मात्र गरगरा फिरतंय, अशा वेळी त्या नखाएवढ्या जागेवर काय आग होत असेल! साहेब म्हणाले, पोलाद 700 अंशांच्या वर तापतं. पण नुसतं तापून भागत नाही. चाक पुढं सरकलं की खालचा गार रूळ ती उष्णता क्षणात ओढून घेतो.

हे ऐकलं आणि मला आमच्या गावचा लोहार आठवला. विळा लाल करून तो पाण्यात बुडवायचा, त्याला पाणी पाजणं म्हणतात. पाणी बेतानं पाजलं तर धार टिकते, जास्त झालं तर विळा काचेसारखा टिचतो. इथं रुळाला त्याच्याच गार अंगानं पाणी पाजलं होतं, आणि तेही बेसुमार. वरची साल इतकी कडक होते की वजन पडल्यावर ती लवत नाही, तडकते. खड्डा डोळ्यांना दिसतो, ही साल दिसत नाही.

ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडणारे पुष्कळ भेटले. मला ते पटलं नाही. वाळूच ओली होऊन नळीत अडकली असेल तर त्यानं काय करावं? अंधारात, चढावर, मागं एवढं वजन घेऊन गाडी रोखून धरणं काय असतं, हे त्यालाच ठाऊक.

त्या जागचे दोन्ही बाजूंचे रूळ कापून नवे घातले. पण गाडी निघताना चाक आणखी एकदा घसरलं होतं. पन्नासेक पावलं पुढं डाव्या रुळावर रुपयाएवढा एक चकचकीत डाग होता. नख फिरवलं तर जरा अडायचं, इतकंच. मी तो वहीत लिहिला, मुकादमांना दाखवला. ते म्हणाले, "ध्यान ठेव याच्यावर." रुळात आवाज सोडून आतली चीर शोधणाऱ्या मशीननं तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. वरची साल आडवी तडकली असेल तर मशीनचा आवाज तिथंच अडतो आणि खालची उभी चीर कळत नाही, हे मला पुढं कळलं.

दिवाळीपर्यंत तिथून गाडी गेली की वेगळाच ठोका ऐकू यायला लागला. खालची खडी पांढरी पडून तिचं पीठ होत होतं. आम्ही पॅकिंग करायचो, म्हणजे स्लीपरखाली खडी ठोकून घट्ट बसवायचो, आठ-पंधरा दिवसांत ते पुन्हा ढिलं.

डिसेंबरात ज्वारी पोटरीला आलेली, आणि थंडी अशी की पाना हातात धरवत नव्हता. मी त्या डागापाशी पोचलो आणि पाय थिजले. रूळ आरपार तुटला होता. थंडीनं लोखंड आकसून मधे बोट आडवं जाईल एवढी फट पडली होती. घाटनांदूरकडून पॅसेंजर उतारानं यायची वेळ झाली होती. एक लाल झेंडी फटीजवळ रोवली, स्टेशनात फोन केला आणि दुसरी घेऊन चढाकडं पळालो. 600 मीटरवर रुळावर एक फटाका लावला, चाकाखाली फुटून ड्रायव्हरला सावध करणारा, पुढं 1200 मीटरवर 10-10 मीटरच्या अंतरानं तीन. तिसरा लावतच होतो तेवढ्यात वळणावर इंजिन दिसलं. झेंडी हलवत तसाच उभा राहिलो. ड्रायव्हरनं लांबूनच पाहिलं होतं, गाडी फटाक्यांच्या अलीकडंच थांबली.

खिडकीतून एका म्हातारीनं विचारलं, "काय झालं रं लेकरा?"

"रूळ तुटलाय मावशे."

तिनं वैजनाथाचं नाव घेतलं आणि मांडीवरच्या नातवाला जवळ ओढलं. माझ्या तोंडून पुढं शब्द फुटला नाही.

गँग आली, जोड-पट्ट्या आणि क्लॅम्प लावले, पॅसेंजर माणसाच्या चालीनं त्यावरून नेली. दुपारी ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ, मिळाल्यावर तुकडा कापला. साहेबांनी तुटलेली बाजू उन्हाकडं धरली. सगळं लोखंड चांदीसारखं ताजं, फक्त वरच्या अंगाला खारकेएवढा काळा डाग. चीर तेवढी आधीच वाढली होती, महिनोन्महिने. बाकीचा रूळ त्या सकाळी एका झटक्यात गेला होता.

"हा डाग कधीचा?" त्यांनी विचारलं.

मी वही पुढं केली. त्यांनी जूनचं पान वाचलं, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "चल, पुढं बघू."

दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून नखानं रूळ चाचपत गेलो. वीसेक स्लीपर पुढं तसाच आणखी एक डाग सापडला, पहिल्यापेक्षाही लहान. साहेबांनी स्वतः त्याच्याभोवती पांढरा रंग लावला. पुढच्याच आठवड्यात तो रूळ बदलला.