जोड कोण लावतं? मिल्ड्रेड बर्कची गोष्ट

ओहायोतलं कोलंबस आपल्याकडे ओळखलं जातं ते इथल्या विद्यापीठामुळे आणि नोकरीसाठी आलेल्या मुलामुलींमुळे. पण १९४० आणि ५० च्या दशकांत अमेरिकेतल्या बायकांच्या धंदेवाईक कुस्तीचा कारभार याच शहरातून चालायचा. कुठल्या गावात कुणाची जोड लावायची, कुणी कुणाला चीत करायचं, कुणाच्या हातावर किती डॉलर टेकवायचे, सगळं इथे ठरायचं. ज्या बाईच्या अंगमेहनतीवर हा डोलारा उभा राहिला, तिचं नाव मिल्ड्रेड बर्क.

मी कोल्हापूरची. घरी जेवताना खासबागेतल्या कुस्त्यांच्याच गप्पा. पण आम्हा मुलींना तालमीच्या आत डोकावायचीही मुभा नव्हती. त्यामुळे इथे राहायला आल्यावर या बाईबद्दल जे मिळेल ते वाचत गेले.

१९१५ साली कॅन्सस राज्यातल्या कॉफीव्हिलमध्ये तिचा जन्म झाला. शाळा लवकर सुटली. कमी वयात लग्न, पदरात मुलगा, नवरा निघून गेलेला, आणि पोटासाठी कॅन्सस सिटीत आईच्या खानावळीत वाढप्याचं काम. मंदीचे दिवस. तिथे जेवायला येणारा बिली वुल्फ हा पैलवान बायकांना कुस्ती शिकवतो हे कळल्यावर ती त्याच्या मागेच लागली. पोरीची खोड मोडावी म्हणून त्याने एका पुरुष पैलवानाला तिला उचलून आपटायला सांगितलं. झालं उलटंच, तिनेच त्या गड्याला आपटलं.

उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, वजन ६२-६३ किलो. पुढे वुल्फशी लग्न झालं आणि दोघं जत्रेतल्या तंबूत शिरले. तिथे पैज असायची: हिच्या आसपासच्या वजनाच्या कुणाही पुरुषाने हिला दहा मिनिटांत चीत करावं आणि २५ डॉलर घेऊन जावं. तिच्या सांगण्याप्रमाणे असे दोनशेच्या आसपास गडी तिच्यासमोर उतरले आणि ती एकदाच हरली. या कुस्त्या तिच्या कारकिर्दीचा पाया होत्या असं मला वाटतं. १९३७ मध्ये क्लारा मॉर्टेन्सनला हरवून ती विजेती झाली आणि पुढची बरीच वर्षं विजेतेपदाचा पट्टा तिच्याकडेच राहिला. खड्यांनी मढवलेला झगा घालून ती रिंगणात यायची, तेव्हा पोस्टरवर तिचं नाव पुरुषांच्याही वर असायचं.

आता धंद्याचं सांगते, कारण खरी मेख तिथे आहे. अमेरिकेतली ही कुस्ती म्हणजे बहुतांशी नुरा कुस्ती. निकाल आधी ठरलेला असतो. त्यामुळे तुमच्या दंडात किती ताकद आहे यापेक्षा जोड कोण लावतं याला जास्त किंमत. प्रत्येक भागाचा एकेक प्रवर्तक, म्हणजे कुस्त्या भरवणारा, त्याच्या हद्दीत त्याचाच शब्द चालणार. कोलंबसच्या बाजूला अल हाफ्ट हे मोठं प्रस्थ. १९४८ मध्ये या प्रवर्तकांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स नावाची युती केली आणि मुलूख वाटून घेतले. बायकांच्या जोडी पुरवायचा मक्ता वुल्फकडे. मुली त्याच्या ताब्यात, बिदागी त्याच्या हातातून, त्यातला मोठा वाटाही त्याचाच. एथेल जॉन्सन, बॅब्स विंगो आणि मार्व्हा स्कॉट या कृष्णवर्णीय पैलवान मुलीही त्याच्याच व्यवस्थेतून पुढे आल्या. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. पण मिल्ड्रेडला त्याच्याकडून मारहाण व्हायची, आणि तिने कमावलेला पैसा तिचा नसायचा.

दोघं वेगळी झाली तेव्हा तिने धंद्यातला त्याचा हिस्सा सुमारे तीस हजार डॉलर देऊन विकत घेतला. कागदावर धंदा तिचा झाला. पण अलायन्स पुरुषांची, वुल्फची त्यांच्यात ऊठबस, आणि त्यांच्या बैठकीत बाईला जागा नाही. वुल्फने पुन्हा मुली गोळा केल्या, प्रवर्तकांनी हिच्या जोडी घेणं थांबवलं आणि हिची कंपनी बुडाली. वीस-एक वर्षं जिने प्रेक्षागृहं भरली, तिला लढायला मैदानच मिळेना. हे वाचताना मला फार राग येतो.

मग आली २० ऑगस्ट १९५४ ची अटलांटाची कुस्ती. समोर जून बायर्स, वुल्फची सून. तीनपैकी दोनदा चीत करेल तिचा पट्टा. दोघींमध्ये काहीच ठरलेलं नव्हतं. म्हणजे नुरा कुस्तीच्या या धंद्यात त्या रात्री निकाली कुस्ती लागली. पहिल्यांदा बर्क चीत झाली. त्यानंतर मात्र ती हलेना. दोघी एकमेकींना धरून बसल्या. उड्या नाहीत, फेकाफेक नाही, नुसती पकड आणि दम. असल्या खऱ्या झटापटीची सवय नसलेलं पब्लिक कंटाळलं आणि शेवटी अधिकाऱ्यांनी कुस्ती थांबवली. दुसरा निकाल लागलाच नाही, म्हणून पट्टा आपलाच असं बर्क म्हणत राहिली. वर्तमानपत्रांत मात्र बायर्स जिंकल्याचं छापून आलं. आपल्या मैदानात अशी कुस्ती बरोबरीत सोडवली असती.

दारं बंद झाली म्हणून ती घरी बसली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती आपल्या पैलवान मुली घेऊन जपानला गेली. तिथे बायकांच्या कुस्तीला जी चालना मिळाली ती या दौऱ्यामुळे. तिने काढलेल्या संघटनेचा पट्टा पुढे १९७० च्या सुमारास जपानी मुलींच्या कमरेला आला आणि २००० नंतरही काही वर्षं तिथला सगळ्यात मानाचा पट्टा राहिला. शाळकरी मुली किंचाळत स्टेडियम भरायच्या. इकडे न्यूयॉर्क राज्यात १९७२ पर्यंत बायकांच्या कुस्तीवर बंदीच होती! नंतर बर्कने कॅलिफोर्नियात मुलींना कुस्ती शिकवली. १९८९ मध्ये ती गेली.

योगायोग बघा, १९५४ हे आपल्याकडच्या हमीदा बानू या पैलवान बाईचंही वर्ष. बडोद्यात बाबा पैलवानाला तिने दीड मिनिटाच्या आसपास लोळवलं ते याच वर्षी. तिचीही पैज पुरुषांनाच: मला हरवा आणि माझ्याशी लग्न करा. पुण्यात तिची रामचंद्र साळुंखेंशी ठरलेली कुस्ती स्थानिक विरोधामुळे रद्द झाली. कोल्हापुरात पुरुष पैलवानाला हरवल्यावर तिच्यावर दगड आले. माझ्याच गावात. २०२३ ला सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा मी इथे मध्यरात्री फोनवर व्हिडिओ बघत रडले होते.

तुमच्या घरात कुणी आजोबा-आजी असतील, ज्यांनी हमीदाची कोल्हापूर-पुण्याकडची कुस्ती पाहिली असेल किंवा तिच्याबद्दल नुसतं ऐकलं असेल, तर त्यांना बसवून विचारा आणि मला कळवा. बर्कचं इथल्या लोकांनी निदान लिहून तरी ठेवलंय.